फुलोरा

घट बसले की आमच्या घरात एक हंगाम सुरू व्हायचा आणि तो त्रिपुरी पौर्णिमेला नदीत दिवे सोडल्यावरच संपायचा. आश्विन शुद्ध प्रतिपदेपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत, चांगला दीड महिना. मधे शाळेला सहामाहीची सुट्टी पडायची, पण सुट्टी म्हणजे रिकामपण असं आमच्या गावात कुणी मानत नव्हतं. भाताची कापणी तोंडावर, ऊस तुटायला आलेला, घर सारवायचं, भाजण्या दळायच्या, चुलीला जळण गोळा करायचं. सण त्या कामांतच मिसळलेले असायचे. मी सांगतेय ती साल १९६५ ते ७५ ची गोष्ट. गाव करवीर तालुक्यातलं, भोगावतीच्या काठचं.

कोल्हापूरच्या दसऱ्यावर, अंबाबाईच्या पालखीवर, शाहू महाराजांवर पुष्कळ लिहिलं गेलंय. पण हे सगळं एखाद्या शेतकऱ्याच्या घरात, चुलीपर्यंत आणि देव्हाऱ्यापर्यंत कितपत पोचलं, हे लिहिलेलं मला फारसं कुठं आढळलं नाही. म्हणून आमच्या घरातलं सांगते. आणि ते सांगायचं तर आजीच्या हातांपासनं सुरुवात करायला पाहिजे, कारण हंगामातलं निम्मं काम त्या दोन हातांनी व्हायचं.

घटाची माती आजी स्वतः आणायची. आमच्या मळ्याच्या वरच्या बांधाकडची काळी माती, चाळून, खडा वेचून. पत्रावळीवर मातीचा थर, त्यात गहू, जोंधळा, मका, हरभरा, करडई असं घरात जे बी असेल ते पेरायचं, मधे पाण्यानं भरलेला घट. आजी म्हणायची, "बी खरं का खोटं ते देवीच सांगती." नऊ दिवसांत कुठलं बी जोमानं वर येतंय आणि कुठलं मातीतच कुजतंय, यावर तिचं लक्ष असायचं. हरभरा उगवला नाही तर दसऱ्यानंतर ती दुसऱ्याच्या घरचं बियाणं बघायला लागायची. रोज एक माळ. कारळ्याची पिवळी फुलं बांधावरच मिळायची, ती आम्ही पोरी दिवस उगवायच्या आत तोडून आणत होतो.

सातव्या माळेला फुलोरा. आमच्या भागात देवीला कडाकण्यांचा फुलोरा बांधतात. गव्हाचं पीठ चाळून त्यात कडकडीत तेलाचं मोहन घालायचं, गुळाच्या पाण्यात घट्ट मळायचं, पातळ लाटून मंद आचेवर तळायचं. कडाकणी पुरीसारखी फुगू द्यायची नाही, म्हणून टोचे मारायचे. नुसत्या गोल कडाकण्या कुणालाही जमतात. देवीचा साज करायला मात्र हात लागतो. वेणी, फणी, कुंकवाचा करंडा, जोडवी, मंगळसूत्राच्या वाट्या, सगळं पिठाचं. आजी पिठाच्या तीन दोऱ्या करून अशी वेणी घालायची की शेजारच्या बायका बघायला यायच्या. फणीचे दात ती बाभळीच्या काट्यानं कापायची.

सगळं तळून झालं की ती दोऱ्यात ओवायची आणि माळ परातीत ठेवून आईच्या हातात द्यायची. घटावर फुलोरा आई बांधायची. आजी उंबऱ्याच्या अलीकडं बसून "जरा डावीकडं घे, करंडा मधी येऊ दे" असं सांगायची. ती विधवा होती. तिनं केलेली वेणी-फणी देवीला चालायची, बांधणारा हात मात्र सवाष्णीचा लागायचा. असं का, हे मी एकदा आईला विचारलं होतं. आई म्हणाली, "रीत हाय." आजीला विचारायचं धाडस मला झालं नाही.

आजी १९३९ साली, पंचविशीत, विधवा झाली. आजोबा चार दिवसांच्या तापात गेले. माझे वडील सहा वर्षांचे, आत्ती तीन वर्षांची. पाटाची, म्हणजे दुसऱ्या लग्नाची, चाल कितीतरी शेतकरी जातींत पूर्वीपासून होती, पण आमच्या घराण्यात ती कमीपणाची मानत. बांगड्या फुटल्या, कुंकू गेलं, जोडवी निघाली आणि दुसऱ्या महिन्यात आजी नांगरामागं उभी राहिली. तीन एकर रान तिनं राखलं. ऊस लावला, गुऱ्हाळ लावलं, पोरं वाढवली. शाहूपुरीतल्या अडत्याच्या वहीत आमच्या गुळाच्या खात्यावर नाव तिचं होतं.

आता यातली गंमत अशी, की आजी ज्या संस्थानात वाढली तिथं तिच्या बाजूनं कायदा होता. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला, तेव्हा आजी तीन वर्षांची होती. त्याच साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचाही कायदा झाला. पुढच्याच वर्षी महाराजांचे धाकटे चिरंजीव शिवाजी महाराज शिकारीत अपघातानं गेले. त्यांच्या पत्नी इंदुमतीदेवी बारा वर्षांच्याही नव्हत्या. महाराजांनी या सुनेला वाड्यात कोंडून ठेवलं नाही. सोनतळीच्या कॅम्पावर तिच्या शिक्षणाची सोय केली, विरोध होत असतानाही केली. राजाच्या घरात हे घडलं. सोनतळी आमच्या गावापासून काही लांब नाही. तरी तिथनं आमच्या उंबऱ्यापर्यंत यायला या गोष्टीला किती वर्षं लागली, ते पुढं येईलच.

नवरात्रातली आमची मोठी सहल म्हणजे पाचव्या माळेला, ललिता पंचमीला, टेंबलाईची जत्रा. पहाटे बैलगाडी जुंपायची. दशम्या, लसणाची चटणी, कांदे, पाण्याची कळशी. कोल्हापूरच्या पूर्वेला टेकडीवर त्र्यंबोलीचं देऊळ आहे, त्या दिवशी अंबाबाईची पालखी वाजतगाजत तिच्या भेटीला जाते. तिथं कुमारिकेच्या हातून कोहळा फोडतात आणि त्याचा तुकडा मिळवायला माणसांची झुंबड उडते. वडिलांना एकदाच तुकडा मिळाला, तो आम्ही वर्षभर कणगीवर बांधून ठेवला होता.

आजीला सगळ्या जत्रांत टेंबलाईची जत्रा लाडकी. जोतिबाच्या डोंगरालाही ती जायची, पण टेंबलाईला जाताना तिचा चेहराच वेगळा असायचा. गाडीत ती दरवर्षी तीच गोष्ट सांगायची. कामाक्ष दैत्यानं जादूच्या दंडानं सगळ्या देवांची मेंढरं केली. त्र्यंबोलीनं म्हातारीचं रूप घेऊन, युक्तीनं तो दंड काढून घेतला आणि देवांना सोडवलं. मग विजयाचा मोठा सोहळा झाला, सगळ्यांना आवतण गेलं आणि त्र्यंबोलीलाच बोलवायचं राहिलं. ती रुसली आणि टेकडीवर पाठ फिरवून बसली. अंबाबाईच्या ध्यानात आलं तेव्हा ती सगळा लवाजमा घेऊन स्वतः टेकडीवर गेली.

"एवढी मोठी अंबाबाई, पर तिला जावं लागलं," आजी म्हणायची. "काम करून घ्यायचं आन् जेवायला इसरायचं, हे देवीलाबी खपत न्हाई." एवढं बोलून ती बैलांकडं बघत राहायची.

दसऱ्याला दुपारनंतर गाव निम्मं रिकामं व्हायचं. सगळे दसरा चौकाकडं. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, पण दसरा राहिला. अंबाबाई, भवानी आणि गुरुमहाराज यांच्या पालख्या चौकात येतात, छत्रपती जुन्या मेबॅक गाडीतनं येतात, सूर्य मावळायच्या सुमाराला शमीचं पूजन होतं आणि सोनं लुटलं जातं. आजीनं संस्थानकाळातला, हत्तीचा दसरा बघितला होता. आम्हाला मात्र त्या गाडीचंच अप्रूप. घरी आल्यावर वडील घटातलं उगवलेलं धान पटक्यात खोवायचे आणि फुलोरा उतरवून कडाकण्या पोरांना वाटल्या जायच्या. देवीसमोरच्या धुरात राहिलेल्या कडाकणीला ऊद-तेलाचा एक वास लागलेला असायचा. वेणी कुणाची आणि फणी कुणाची, यावरनं आमची मारामारी.

दसऱ्यानंतर दिवाळीची तयारी. साखर रेशनवर होती. कार्डावर मिळणारी साखर चहात, आल्या-गेल्यात संपायची, म्हणून करंजीचं सारण आणि लाडू निम्मे गुळाचेच. शहरातल्या नातेवाइकांना पांढरे लाडू दाखवायची आईची हौस असायची. आजीला त्याचं काही वाटत नव्हतं. तिचे अनारसे गुळाचे. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी निथळून उखळात कुटायचे, पीठ ओलं असतानाच किसलेला गूळ घालून गोळा बांधून डब्यात मुरत ठेवायचा. खसखशीवर थापून तुपात सोडला की अनारशाला जाळी पडली पाहिजे. गूळ जुना असला किंवा पिठात पाणी राहिलं तर अनारसा तुपात विरघळतो. आजीचा कधी विरघळला नाही. भाऊबंदांच्या चार घरांतनं तिला अनारशाला बोलावणं यायचं. पूजेला बोलावणं यायचं नाही.

वसुबारसेपासून आम्ही पोरी अंगणात शेणाच्या गवळणी घालत होतो. सकाळी ताज्या शेणाच्या गवळणी, पांडव, डोक्यावर झेंडूचं नाहीतर कारळ्याचं फूल. पाडव्याच्या दिवशी त्यांचं गोकुळ पुरं व्हायचं. मग ते शेण थापून वाळवायचं आणि त्याच्या गोवऱ्या रथसप्तमीला दूध उतू घालायला जपून ठेवायच्या. आजीचं सगळं असंच असायचं, एका सणाचं उरलेलं दुसऱ्या सणाला कामाला यायचं.

धाकटा भाऊ आणि त्याची टोळी तिकडं किल्ला बांधायची. दगड रचायचे, पोती चिखलात भिजवून त्यावर पांघरायची, वर हळीव आणि मोहरी पेरायची. किल्ला दरवर्षी पन्हाळाच, कारण पन्हाळा आमच्या गावातनं दिसायचा. तीन दरवाजा, सज्जा कोठी, अंबरखाना. कोल्हापूरच्या कुंभार गल्लीतनं आणलेले मातीचे मावळे, वर सिंहासनावर शिवाजी महाराज. एका वर्षी आजी किल्ल्यापुढं उकिडवी बसली आणि म्हणाली, "गडावर बाईमाणूस न्हाई व्हय रं एकबी?" भावानं शाळेत ताराबाई शिकल्या होत्या. तो धडाधड सांगायला लागला, की १७०० साली राजाराम महाराज गेले तेव्हा ताराबाई पंचवीस वर्षांच्या होत्या, औरंगजेबासारखा बादशहा अंगावर आला होता, तरी त्यांनी राज्य चालवलं, पन्हाळ्यावरनं कारभार केला, कोल्हापूरची गादी त्यांनीच उभी केली.

"पंचवीस?" आजीनं विचारलं.

"व्हय. आन् विधवा हुत्या," भाऊ म्हणाला.

आजी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ल्यावर, महाराजांच्या सिंहासनापासून जरा लांब, बुरुजावर मातीची एक बाई उभी होती. ओल्या मातीची, घरातच केलेली, कुंभाराच्या मावळ्यांपेक्षा डोक्यानं उंच. कपाळावर तिनं काही लावलं नव्हतं, हातात तलवार म्हणून खराट्याची काडी खोवली होती. पुढं दरवर्षी ती बाई किल्ल्यावर यायची.

पाडव्याला गावातली गवळी मंडळी म्हशी सजवायची. शिंगं रंगवायची, मोरपिसं बांधायची, गळ्यात कवड्यांच्या माळा घालून त्यांना पळवायची. आमच्या घरात मात्र त्या दिवशी सगळ्यांचं मन गुळाकडं लागलेलं असायचं. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली, ती गुळाच्या व्यापारानं नावारूपाला आली. पाडव्याच्या मुहूर्तावर नव्या गुळाचे सौदे निघायचे, आणि पहिल्या सौद्याला भाव काय निघाला यावर घरातली पुढची सहा महिन्यांची गणितं ठरायची. त्यासाठी आमचं गुऱ्हाळ दिवाळीआधीच पेटायचं. चुलवाणात चिपाडं घालणारा जळव्या, काहिलीपाशी गुळव्या. रस उकळू लागला की रानभेंडीचा चिकट रस घालून मळी वर आणायची आणि काढून टाकायची. पाक झाला का नाही हे बघायला गुळव्या थेंबभर पाक गार पाण्यात सोडून गोळी वळतो का बघायचा. आजी काहिलीपासून दहा हात लांब बसून नुसत्या वासावर सांगायची, "उतरा आता." गुळव्या तिचं ऐकायचा. अडत्याकडं वहीपूजनाला मात्र वडील जायचे. खात्यावर नाव आजीचं, वहीवर हळदकुंकू वाहायला मुलगा.

मग यायची भाऊबीज. आजीला एक थोरला भाऊ होता, कागलला. आम्ही त्यांना कागलचे आबा म्हणायचो. भाऊबीजेला ते न चुकता यायचे, सायकलवर, कॅरिअरला पिशवी, पिशवीत नारळ आणि आजीसाठी लुगडं. पाट मांडलेला असायचा, ताट तयार असायचं, सगळं आजीनंच केलेलं. ताम्हणात पिठाचा दिवा, सुपारी, अंगठी, अक्षता. आणि ताट ती माझ्या हातात द्यायची. "तू ओवाळ बाळे, माझ्या वाटचं." मी सहा-सात वर्षांची असल्यापासून आजीच्या भावाला आजीच्या वाटचं ओवाळत होते. आबा ओवाळणी माझ्या ताटात घालायचे आणि लुगडं आजीच्या पुढ्यात ठेवायचे. आजी लांबनंच नमस्कार करायची.

१९७४ साली माझं लग्न ठरलं होतं. तारीख दिवाळीनंतरची. त्याच वर्षी शाहू महाराजांची जन्मशताब्दी होती. जिल्हाभर भाषणं, मिरवणुका चालल्या होत्या आणि कागलच्या आबांनी त्यातलं एकही भाषण सोडलं नव्हतं. महाराज दत्तक जायच्या आधीचे कागलकर घाटग्यांच्या घरातले, याचा आबांना घरचा अभिमान. भाऊबीजेला ते आले, पाटावर बसले. मी ताट घेऊन पुढं झाले तसा त्यांनी हात आडवा केला.

"ही सासरी गेली म्हंजे पुढच्या साली कोण ओवाळणार मला?" ते म्हणाले. कुणीच बोलेना. "माझी भन जित्ती हाय, धडधाकट हाय. मी तिच्या घरी येतो. मग दुसऱ्याचं हात कशाला उसनं घ्यायचं? तू ओवाळ. न्हाईतर मी पाटावरनं उठत न्हाई."

"आबा, रीत हाय," आई हळूच म्हणाली.

"रीत आमच्या म्हाराजांनी १९१७ सालीच मोडलीया," आबा म्हणाले. "सत्तावन्न वर्सं झाली. तुमच्या गावात टपाल येत न्हाई काय?"

आजी आतनं म्हणाली, "दादा, मी न्हाई यायचो. अपशकून नको तुला." आमच्याकडं बायका मी आलो, मी गेलो असंच बोलतात. ते वाक्य माझ्या कानात अजून तसंच आहे.

आबा उठले नाहीत. दिव्यातलं तेल संपत आलं, आईनं पुन्हा घातलं. जेवणाची वेळ टळून गेली. वडील दारात उभे होते, ते शेवटी आत गेले आणि आईला, म्हणजे माझ्या आजीला, म्हणाले, "टेंबलाईसारखं रुसून बसलाय त्यो. जा, तुलाच जावं लागंल." आजी बाहेर आली. पदर कपाळापर्यंत ओढलेला. मी ताट तिच्या हातात दिलं तेव्हा तिचे हात कापत होते. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा ती ओवाळत होती, आणि दिवा कुठल्या बाजूनं फिरवायचा हे तिला आठवेना. आबांनीच बोटानं दाखवलं. "असं, असं फिरव." मग ती तीनऐवजी पाच वेळा ओवाळत राहिली.

याच्यापुढं सगळं बदललं असं लिहिलं असतं तर बरं वाटलं असतं, पण तसं झालं नाही. दुसऱ्याच दिवशी भाऊबंदांत कुजबुज झाली. दोन घरांनी त्या वर्षी आमच्याकडचा फराळ घेतला नाही. फुलोरा पुढंही आईच बांधत राहिली. आबा मात्र नंतर सात वर्षं आले आणि सातही वर्षं आजीनंच ओवाळलं. आबांच्या मागं दोन वर्षांनी आजी गेली. तिच्या ट्रंकेत त्यांची सगळी लुगडी घडी न मोडता ठेवलेली सापडली. नेसली होती ती फक्त शेवटची सात.

मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामपंचायतीनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच आठवड्यात, ६ मे रोजी, शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षं झाली म्हणून कोल्हापूर शंभर सेकंद जागच्या जागी उभं राहिलं. त्याच महिन्यात राज्य सरकारनं हेरवाडसारखाच ठराव करायचं आवाहन राज्यातल्या ग्रामपंचायतींना केलं. मी बातमी वाचली आणि हिशेब केला. कायदा होऊन एकशे पाच वर्षं झाली होती. मधल्या काळात किती बायकांनी दुसऱ्यासाठी करंडे, जोडवी आणि वेण्या केल्या असतील, त्याची नोंद कुठल्या वहीत नाही.

आमच्या गावात असा ठराव अजून झालेला नाही. माझा धाकटा भाऊ, किल्ला बांधणारा, करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. त्यानंतरच्या नवरात्रात मी माहेरी गेले होते. कडाकण्या आता बाजारात मिळतात, पण वहिनीनं घरीच केल्या. तिची वेणी आजीइतकी बारीक नाही, फणी मात्र चांगली होते. सातव्या माळेला तिनं फुलोरा ओवला आणि परात घेऊन माझ्याकडं बघत उभी राहिली. शेजारच्या चार बायका आल्या होत्या. मी परात धरली नाही. म्हटलं, "बांध की. करंडा मधी येऊ दे."

तिनं बांधला. बायका बघत होत्या. कुणी काही बोललं नाही, आणि दसऱ्याला कडाकण्या वाटल्या तेव्हा त्या चारही घरांतली पोरं हात पुढं करून आली.